अस्सल पाहिजे, लोकल पाहिजे, आणि तिकीट नको

स्पेनमधल्या सेव्हियात राहायला लागल्यापासून दरवर्षी दोन-तीन पाहुणे तरी येतातच आणि प्रत्येकाची फर्माईश एकच असते, फ्लामेंको, म्हणजे इथलं गिटारवरचं गाणं-नाच, दाखव, पण ते टुरिस्ट लोकांचं नको हां, जिथे इथलेच लोक जातात तिथे ने. बरं म्हणावं तर पाच मिनिटांत पुढचा प्रश्न, तिकीट किती? तब्लाओचं, म्हणजे तिकीट लावून रोज फ्लामेंकोचे शो करणाऱ्या जागेचं, 25-30 युरो सांगितलं की मनातल्या मनात रुपयांत गुणाकार होतो, चेहरा पडतो आणि मग हळूच येतं, "अरे पण लोकल लोकांचं कुठेतरी फुकटात पण असेल ना?" असतं की. तेच मला खटकायला लागलंय.

मागच्या हिवाळ्यात आमचे मामा आले होते, वाईकडचे, वय 72, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांना मी हेरेसला घेऊन गेलो, इथून गाडीने तासाभराचा रस्ता. शेरी वाइन ज्या गावाच्या नावावरून आली ते हेरेस, आणि फ्लामेंकोवाल्यांसाठी तिथल्या सांतियागो आणि सान मिगेल या दोन मोहल्ल्यांची नावं म्हणजे आपल्याकडे घराण्यांची नावं घेतात तशी. तिथे पेन्या असतात, पेन्या म्हणजे रसिकांनी वर्गणी काढून चालवलेला क्लब, एक बार, एक खोली, भिंतीवर गेलेल्या गायकांचे फोटो, वेताच्या बैठकीच्या बुटक्या खुर्च्या आणि एका टोकाला फळ्यांचा छोटा मंच. तब्लाओ हा शब्दसुद्धा फळीवरूनच आलाय. प्रवेश फुकट, बारवर काहीतरी घ्या म्हणजे झालं.

दहाचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू झाला (इथे मला एकदम घरच्यासारखं वाटतं). गिटारवाला बसला, गिटारच्या मानेवर चाप लावला, आणि गाणारा बाजूच्या खुर्चीत येऊन बसला, साधा शर्ट, हातात पाण्याचा ग्लास, माइक नाही. त्याने पहिला सूर काढला तो गाणं नव्हताच, नुसता घसा साफ करत आवाज शोधत होता, आणि त्या क्षणी बारवाल्याने कॉफीचं मशीन बंद केलं, कोणी सांगितलं नाही, त्यानेच केलं. अख्ख्या खोलीत एक चमचा वाजला नाही. सोलेआ चालू होती. सोलेआ म्हणजे 12 मात्रांचं आवर्तन, म्हटलं तर आपल्या एकतालाएवढं, पण विभागणी 3-3-2-2-2 आणि जोर पडतो तो 3, 6, 8, 10 आणि 12 वर, म्हणजे वजन मागच्या बाजूला. मामा बोटांवर मोजत बसले. थोड्या वेळाने माझ्या कानात, "सम कुठंय रे याची?" मी म्हटलं, मामा, समेवर यायचं असतं ते विसरा, हे लोक बऱ्याचदा दहावर येऊन खटका मारून थांबतात. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू सांगितलंय इथे पाणी वर वाहतं.

मग नाचणारी उठली. चाळिशीच्या पुढची बाई, बारीक नाही, फुलाफुलांचा ड्रेस नाही, काळा स्कर्ट आणि टाचेला-चवड्याला खिळे ठोकलेले बूट. पहिली दोन-तीन मिनिटं तिने पाय वाजवलेच नाहीत, नुसते हात आणि मान, आणि मग एकदम मंचाच्या फळ्यांवर अशी काही सर आली की समोरच्या टेबलावरच्या ग्लासातली शेरी थरथरायला लागली. मामांना राहवेना, त्यांनी टाळी द्यायला सुरुवात केली, भजनातली टाळी, दणदणीत. शेजारच्या आजीने मामांच्या मनगटावर हळूच हात ठेवला, रागाने नाही, नातवाला थांबवावं तसा, आणि स्वतःचे तळवे खोलगट करून दाखवले, असं, दबकं. त्याला पाल्मास सोर्दास म्हणतात, गाणं चालू असताना दबकी टाळी, आवाज गाण्याच्या खाली राहिला पाहिजे. टाळी हे तिथे वाद्य आहे आणि प्रेक्षकाने ते येत नसेल तर वाजवू नये, एवढा साधा नियम. मामा ओशाळले पण लगेच शिकले, पुढचा अर्धा तास आजी आणि मामा मिळून दबक्या टाळ्या देत होते, मामांचं अर्धं चुकत होतं आणि आजीला फरक पडत नव्हता.

शेवटी बुलेरिया, म्हणजे जलद लयीचा मस्तीचा प्रकार, सगळ्यांनी मंचावर, गाणाराच दोन पावलं नाचला, बारमधला एक म्हातारा उठून आला, नाचणारीने एक कडवं गायलं. इथे मामांनी खिशातून 20 ची नोट काढली आणि हात वर केला. मी झडप घालून हात खाली केला. मामा चिडले. त्यांच्या डोक्यात संगीत बारी होती, तरुणपणी आजोबांना चुकवून बघितलेली, जिथे आवडलेल्या लावणीला दौलतजादा द्यायचा असतो आणि न देणं म्हणजे अपमान. मी म्हटलं इथे तसं नाही चालत. मामा म्हणाले, मग कसं चालतं? काय मिळतं यांना?

हा प्रश्न मला तोपर्यंत एकदाही पडला नव्हता, हे लिहिताना मला लाज वाटते. नंतर मी पेन्याच्या सेक्रेटरीलाच विचारलं. आकडा सांगत नाही, पण तिघांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम माझ्या घरचा नळ दुरुस्त करायला येणारा माणूस एका व्हिजिटला घेतो त्यापेक्षा कमी होती. गाणारा दिवसा डिलिव्हरीची व्हॅन चालवतो. नाचणारी मुलांचे क्लास घेते. आणि यांनाच आम्ही सगळे 'अस्सल' म्हणतो, कारण हे पैशासाठी करत नाहीत!

म्हणजे माझं म्हणणं एवढंच आहे, की फुकट म्हणजे अस्सल आणि तिकीट म्हणजे भेसळ हे जे आपण डोक्यात घेऊन बसलोय ते साफ खोटं आहे आणि ते सोयीचं खोटं आहे, कारण त्यात आपले पैसे वाचतात. 'हौसेला मोल नसतं' या म्हणीचा अर्थ हौशी माणसाला मोल द्यायचं नसतं असा आपण कधी करून टाकला कळत नाही.

फ्लामेंकोचा इतिहास बघा. ही काही शेतात काम करता करता आपोआप उगवलेली आणि मग बाजारात जाऊन बिघडलेली कला नाहीये. शेतातली, लोहारकामाच्या भट्टीवरची, घरातली गाणी होतीच, पण आज आपण ज्याला फ्लामेंको म्हणतो त्याचा साचा एकोणिसाव्या शतकात कॅफे कान्तान्तेमध्ये पक्का झाला, म्हणजे तिकीट किंवा दारू घेऊन गाणं ऐकायच्या कॅफेंमध्ये. सिल्व्हेरिओ फ्रांकोनेत्ती हा त्या काळातला मोठा गायक, बाप इटालियन, गाणं शिकला हितानो म्हणजे तिथल्या जिप्सी गायकांकडून, आणि 1881 च्या सुमारास त्याने सेव्हियात स्वतःचा कॅफे काढला. रोज संध्याकाळी, पगारावर, ठरलेले कलाकार. गिटारवाले, गाणारे, नाचणारे रोज एकत्र बसायला लागले म्हणून तर प्रकार पक्के झाले, एकमेकांचं ऐकून चढाओढ झाली. पैसे आले म्हणून कला वाढली असं सरळ म्हणायला आपल्याला जड जातं.

आणि मग याच्या विरुद्ध ओरड पण तेव्हापासूनचीच. 1922 च्या जूनमध्ये ग्रानादाच्या आल्हाम्ब्रामध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि तेव्हा जेमतेम 24 वर्षांचा असलेला कवी लोर्का वगैरे मंडळींनी कान्ते होंदोची, म्हणजे खोल गाण्याची, स्पर्धा भरवली. हेतू चांगला होता, गाणं कॅफेंमध्ये स्वस्त होत चाललंय, ते वाचवू या. पण नियम काय केला? 21 वर्षांवरच्या व्यावसायिक गायकांना स्पर्धेत बंदी. म्हणजे ज्यांनी आयुष्य घातलं ते अशुद्ध, आणि ज्यांचं पोट यावर नाही ते शुद्ध. मोठमोठे व्यावसायिक आले ते परीक्षक आणि पाहुणे म्हणून. बक्षीस मिळालेल्यांत एक होता एल तेनासास नावाचा म्हातारा, ज्याने गाणं कधीच सोडलं होतं, आणि दुसरा 12 वर्षांचा पोरगा, मानोलो काराकोल. आता गंमत बघा, हा शुद्धतेचा पोरगा पुढे काय झाला? स्टेज शो, सिनेमा, आणि 1963 साली माद्रिदमध्ये स्वतःचा तब्लाओ! आणि त्याच्या गाण्याला कोणी खोटं म्हणायची हिंमत करत नाही. फाया-लोर्कांबद्दल मला आदर आहे, पण त्या एका नियमाने जो गोंधळ घातला तो शंभर वर्षं झाली तरी माझ्या पाहुण्यांच्या तोंडातून बाहेर पडतोय.

कॅफे बंद पडल्यावर कलाकारांचं काय झालं हे पण बघण्यासारखं आहे. मग उरले सेन्योरितो, जमीनदारांची पोरं, जी रात्रभर दारू पीत बसायची आणि खासगी खोलीत गाणाऱ्यांना बोलवायची. गा म्हटलं की गायचं, पहाटेपर्यंत थांबायचं, सकाळी मालकाची मर्जी असेल ते मिळायचं, नाहीतर नाही. हे ऐकल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. दौलतजादा त्यांनी आयुष्यभर समोर बसलेल्याच्या बाजूने बघितला होता. त्यात दिलदारी असते हे खरं, पण किती द्यायचं, कधी द्यायचं, त्या बदल्यात काय मागायचं हे सगळं नोट धरणाऱ्याच्या हातात असतं. तिकीट खिडकीवर तसं नसतं. तिकीट हे रुक्ष आहे आणि म्हणूनच ते चांगलं आहे, 25 युरो दिले की तुमचा त्या नाचणाऱ्या बाईवर एक पैशाचा हक्क उरत नाही.

तब्लाओची बाजू मी घेतोय तर त्याचे दोषही सांगायला हवेत. तासाभराचा शो, एका रात्रीत दोन-दोन, तीन-तीन, पुढच्या रांगेत मोबाइल वर, सांग्रियाचा जग, आणि गाणाऱ्याने संथ सोलेआ लांबवली तर मॅनेजर घड्याळ बघतो. मी असेही शो बघितलेत जिथे नाचणारी तिसऱ्या शोला नुसती दमलेली दिसते आणि पाय जोरात आपटून वेळ मारून नेते, आणि टाळ्या नेमक्या त्यालाच पडतात. हे आहे. पण एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. तब्लाओतला बराचसा शो बसवलेला नसतो. गिटारवाला आणि नाचणारी कधीकधी त्याच संध्याकाळी पहिल्यांदा भेटलेले असतात. ती पायाने एक इशारा देते, त्याला यामादा म्हणतात, म्हणजे हाक, की आता मी थांबणार, आता गाणं येऊ दे, आता लय वाढव, आणि बाकीचे तो इशारा पकडतात. आपल्याकडे तबलजी आणि गायक तालमीशिवाय बसतात तसंच. मोठ्या थिएटरात जो दीड तासाचा प्रयोग होतो, लाइट्स-बिइट्स, तो उलट सेकंदासेकंदाला बसवलेला असतो. मग उत्स्फूर्त कुठलं, तुम्हीच ठरवा.

आणि कामारोन! शुद्धतावाले ज्याचं नाव घेताना आदराने कानाला हात लावतात तो गायक कामारोन दे ला इस्ला तरुणपणी वर्षानुवर्षं माद्रिदच्या तोर्रेस बेर्मेहास नावाच्या तब्लाओत गात होता, समोर जेवणारे टुरिस्ट. रोजची नोकरी होती म्हणून दिवस मोकळा होता, म्हणून गिटारवाल्या पाको दे लुसियाबरोबर रेकॉर्ड निघत होत्या. त्याच पाकोने सत्तरच्या दशकात पेरूहून काहोन, तो बसून वाजवायचा लाकडी खोका, आणला, जो आज प्रत्येक 'पारंपरिक' मंचावर असतो आणि पाहुणे त्याचा फोटो काढतात.

2020 साली लॉकडाऊनमध्ये हे सगळं उघडं पडलं. माद्रिदचा कासा पातास हा नावाजलेला तब्लाओ कायमचा बंद झाला, आणि तो एकटाच नव्हता. टुरिस्ट गेले तसे पगार गेले, आणि ज्यांची कामं कधी नीट कागदावर नव्हतीच त्यांना बेकारी भत्ता मागायला कागदच नव्हता. तेव्हा मला कोणी म्हणालं नाही, की बरं झालं, आता फ्लामेंको शुद्ध होईल.

सरकारचं कौतुक करायचं तर कागदावर भरपूर आहे. 2010 मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवतेचा अमूर्त वारसा म्हटलं, आमच्या आंदालुसिया प्रांताच्या 2007 च्या स्वायत्तता कायद्यात फ्लामेंकोचा खास उल्लेख आहे, 2023 मध्ये तर प्रांताने फ्लामेंकोचा स्वतंत्र कायदाच केला, शाळेत शिकवायचंही त्यात आहे. दर 16 नोव्हेंबरला फ्लामेंको दिन, हार-तुरे. पण वारसा ज्या माणसांच्या गळ्यात आहे ती राहतात कुठे? सेव्हियाच्या त्रियाना भागात हितानोंची जुनी वस्ती होती, 1950 आणि 60 च्या दशकांत तिथून लोकांना हलवलं, बरेच जण शेवटी शहराच्या कडेच्या पोलिगोनो सुरमधल्या बिल्डिंगांमध्ये गेले, आणि आज त्रियानात फ्लामेंकोच्या नावाने सिरॅमिकच्या पाट्या आहेत आणि वरच्या मजल्यांवर टुरिस्ट अपार्टमेंट. ग्रानादाच्या साक्रोमोन्ते टेकडीवरच्या गुहांतली बरीच माणसं 1963 च्या पुरानंतर खाली पाठवली, गुहा राहिल्या, त्यात आता संध्याकाळचे शो होतात आणि कलाकार बसने वर येतात. लोकल कलाकार या शब्दातलं लोकल कुठे गेलं ते या बसला विचारा.

म्हणून माझं मत असं, की मोठ्या महोत्सवांना आणि पाट्यांना जे बजेट जातं त्यातला चांगला वाटा पेन्यांसारख्या छोट्या खोल्यांकडे वळवावा, पण एका अटीवर, की गाणाऱ्याला ठरलेलं किमान मानधन, पावतीवर, सोशल सिक्युरिटी भरून. आणि तिकीट लावा. थोडं लावा, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना सवलत द्या, पण लावा. यावर माझ्या एका आंदालुसियन मित्राने मला झापलं, म्हणाला पेन्या म्हणजे आमचं घर, घरात तिकीट लावतात का, तिकीट लावलं की उद्या टुरिस्ट येणार आणि त्या आजीला खुर्ची उरणार नाही. भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही, कारण पाहुण्यांना तिथे घेऊन जाणारा मीच आहे. पण घर चालवायची पदरमोड फक्त गाणाऱ्यानेच का करायची? खुर्ची आजीसाठी राखून ठेवता येते, कागद चिकटवून. गाणाऱ्याचं भाडं कागद चिकटवून भरता येत नाही.

आपल्या लोकांचं अजून एक, आणि हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. शो संपला की हमखास कोणीतरी म्हणतं, हे तर आपलं कथक! आपल्याकडूनच गेलंय! हितानोंचे पूर्वज भारताच्या वायव्येकडून निघाले हे भाषेवरून पक्कं आहे, त्यांच्या कालो बोलीत पाण्याला पान्यी म्हणतात, मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला, माझ्याही आला होता पहिल्यांदा. पण ते लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी निघाले, स्पेनमध्ये पोचल्याची नोंद 1425 ची, 1749 मध्ये तर तिथल्या राजाने एका मोहिमेत हजारो हितानोंना धरून तुरुंगात आणि सक्तमजुरीला घातलं, आणि या सगळ्यातून, आंदालुसियाच्या गाण्यांतून, क्यूबाहून परत आलेल्या चालींतून जे बनलं ते तिथे बनलं. मूळ आपलं म्हणायला खर्च येत नाही म्हणून आपण म्हणतो. फुकट ते पौष्टिक.

मुळात आपण घरी काय वेगळं करतो? सोसायटीच्या गणपतीत डीजेला ॲडव्हान्स, मांडववाल्याला ॲडव्हान्स, आणि लावणीवाल्या किंवा शाहिराच्या पार्टीला फोन करून, "ताई, आपलाच कार्यक्रम आहे, जरा बघून घ्या ना, प्रसिद्धी होईल." मी स्वतः पुण्यात असताना असा फोन केलेला आहे. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं होतं, ढोलकीवाल्याला काय देऊ, प्रसिद्धी? मी तेव्हा हसलो होतो.

मामा परत गेले. जाताना ती 20 ची नोट माझ्या हातात ठेवून गेले, की पुढच्या वेळी जाशील तेव्हा कुठे द्यायची असते ते विचारून दे. मी सेक्रेटरीला फोन केला तर तो म्हणाला इथे तेच भांडण पेटलंय, कमिटीच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा झाला, आणि शेवटी पुढच्या महिन्यापासून बाहेरच्यांना 10 युरो आणि सभासदांना 5 असं ठरलंय, दोन जुने सभासद रागावून राजीनामा देतो म्हणालेत. आजी काय म्हणाल्या विचारलं. तर म्हणे आजींनी पाच युरो आधीच बारवर ठेवलेत आणि नेहमीची खुर्ची सांगून ठेवलीय. मी या शुक्रवारी जातोय, बरोबर नागपूरचे दोघं आहेत, तिकिटाचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.